कै. गणपतराव बाल वाचनालय

एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत जो माणूस एकतीस वर्षं बसला, त्याच्या मनात मनुष्यजातीविषयी आदर शिल्लक असेल अशी अपेक्षाच कुणी करू नये. आकाराम मगदूम निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ घेऊन झाल्यावर त्यांनी दोनच वाक्यांचं भाषण केलं. "डोक्यावर पाटी टांगलेली असती आन माणूस त्याच पाटीखाली हुबं ऱ्हाऊन इचारतंय, गाडी कवा हाय. ह्येच्यापेक्षा जादा मला काय म्हणायचं न्हाई." टाळ्या कडकडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दलही आकारामांचं मत काही बरं नव्हतं.

तेव्हा कळंब्याच्या बाजूला शिवगंगा कॉलनीत त्यांनी लहान मुलांसाठी फुकट वाचनालय काढलं ते समाजसेवेच्या कळवळ्यानं, असा गैरसमज नको. ते त्यांनी दुपारच्या झोपेसाठी काढलं. घरासमोर कॉलनीची मोकळी जागा होती आणि मार्चात सकाळची शाळा लागली की तिथं दुपारी एक ते चार क्रिकेट चाले. दर षटकात एकदा चेंडू आकारामांच्या गेटवर आदळे आणि त्यानंतर तो आऊट की नॉट आऊट यावर जो गोंगाट होई, तो ऐकला तर बाजार समितीतला गुळाचा सौदासुद्धा मौनव्रत वाटावा. आकारामांनी ओरडून पाहिलं. चेंडू जप्त करून पाहिला. चेंडूमागोमाग चार आया आल्या, आणि त्या ज्या भाषेत बोलल्या ती ऐकून आकाराम चेंडूसकट मागं सरले. मग एकदा दाताच्या डॉक्टरकडं बसले असताना समोरचं एक पोरगं चित्रांचं पुस्तक घेऊन तब्बल चाळीस मिनिटं तोंडातून अक्षर न काढता बसलेलं त्यांनी पाहिलं. दाढ काढून घेऊन आकाराम घरी आले ते हा शोध घेऊनच.

खोली होती. मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात पालिकेनं कधीकाळी ज्येष्ठांच्या विरंगुळ्यासाठी बांधलेली, दहा बाय बाराची. तिच्यात मंडळाचे बांबू आणि एक फुटका ढोल विरंगुळत पडले होते. किल्ली आकारामांकडंच होती, कारण कॉलनीच्या ज्या बैठकीला ते गेले नव्हते त्याच बैठकीत त्यांना एकमतानं सेक्रेटरी केलं होतं. बांबू बाहेर काढले, खोली झाडली आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मजकूर टाकला : 'एक घर, एक पुस्तक. लहान मुलांसाठी दान करा.'

चौसष्ट लोकांनी अंगठा दाखवला. पुढं पंधरा दिवसांत जे दान जमलं त्यावरून कॉलनीत किती घरांची माळ्यावरची सफाई झाली हे कळलं, बाकी काही नाही. तलाठी भरतीची मार्गदर्शकं आली, तीही जिल्हे बदलण्यापूर्वीची. कीटकनाशकांच्या कंपनीचा रंगीत कॅटलॉग आला. वधूवर सूचीचे तीन अंक आले, ज्यातल्या मुलींना आता सुना आल्या असतील. एका गृहस्थांनी २००९ सालची कोरी डायरी दिली आणि वर सांगितलं, "काय लिवलेलं न्हाई, नवीच हाय." मधुमेहींचा आहार हे पुस्तक पाच घरांतून पाच प्रतींत आलं, म्हणजे पथ्य कुणी पाळत नव्हतं हेही समजलं. एकूण दोनशे अकरा पुस्तकं. लहान पोराच्या हातात देण्याजोगी तेवीस.

"तेवीस तर तेवीस," आकारामांची बायको बयाबाई म्हणाली. "तुमी कुठं सगळी वाचणार हायसा?"

सल्ल्यांना मात्र तुटवडा नव्हता. दान देताना माणसाचा हात जितका आखडतो तितकी जीभ लांब होते. तिसऱ्या गल्लीत मुलांचे क्लास घेणाऱ्या तेजस्वी मॅडम येऊन म्हणाल्या, "आबा, नुसती पुस्तकं ठेवून काय होत नसतंय. अ‍ॅक्टिव्हिटी पायजे." म्हणजे काय, असं आकारामांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मुलांनी वाचत बसायचं न्हाई, कायतरी करायचं." दुसऱ्या एकानं ओळखपत्रं काढायला सांगितलं. तिसऱ्यानं खोलीचं दार वास्तुशास्त्राप्रमाणे चुकीच्या दिशेला आहे, इथं विद्या आत येणार नाही, असं खात्रीनं सांगितलं. त्या दिशेनं त्याच्या गाडीचा धूर मात्र रोज आत येत असे.

तरी वाचनालय सुरू झालं. दुपारी दोनला पोरं यायची, आकाराम दारात खुर्ची टाकून बसायचे. पोरं वाचायची कमी, एकमेकांना चिमटे जास्त काढायची. पण चिमटा क्रिकेटइतका मोठ्यानं वाजत नाही, एवढ्यावर आकाराम समाधानी होते. पुस्तक घरी न्यायला मात्र सक्त बंदी. "घरी गेलेलं पुस्तक आन सासरी गेलेली पोरगी, दोघंबी पावणं म्हणूनच परत येत्यात," असं त्यांचं मत होतं.

या सगळ्यात खरोखर वाचणारी एकच निघाली. शिफा. कोपऱ्यावर नईमचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, त्याची पोरगी. पाचवीतून सहावीत जाणारी. ती खोलीत येई, भिंतीला टेकून बसे आणि चार वाजता तिला हलवून उठवावं लागे. आठव्या दिवशी ती आकारामांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"आबा, तेवीस झाली. आता?"

"आता काय?"

"आता दुसरं काय हाय?"

आकारामांनी भिंतीशी रचलेल्या ढिगाकडं पाहिलं. तलाठी भरती, कीटकनाशकं, मधुमेह.

"ह्यातलं न्हाई," शिफा म्हणाली, "ते बी मी चाळलो. कारल्याचा रस प्या म्हंत्यात सारखं."

एकतीस वर्षांत हजारो माणसांनी हजारो मूर्ख प्रश्न विचारले होते आणि आकारामांनी प्रत्येकाला डोकं वर न करता उत्तर फेकलं होतं. हा पहिला शहाणा प्रश्न आला आणि उत्तर नव्हतं. त्यांना त्याचा भलताच राग आला. कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि पृथ्वीराजकडं गेले.

पृथ्वीराज हा माणूस प्लॉट पाडून विकायचा. त्याच्या वाढदिवसाचे फलक कॉलनीच्या चारी तोंडांना लागत, आणि पालिकेची निवडणूक जवळ आली की त्याचा वाढदिवस वर्षातून दोनदा येई. आकारामांना तो एरवी नजरेसमोरसुद्धा नको असे. पण त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"आबा, लाजतासा कशाला? पुस्तकं किती पायजेत? एक छोटा हत्ती भरून पुरं हुतील काय?"

पुस्तकं टेम्पोच्या मापानं मोजणारा माणूस आकारामांनी पहिल्यांदाच पाहिला. पण शिफाचं तोंड आठवून ते म्हणाले, "पुरं हुतील."

"आन काचंची दोन कपाटं. फकस्त एक हाय बगा. नाव आमच्या आण्णांचं लागंल."

"लावा की. नावानं पुस्तकाची पानं थोडीच कमी हुत्यात?"

हे वाक्य आपण का बोललो याचा आकारामांनी पुढं बराच विचार केला.

पृथ्वीराजचे वडील गणपतराव दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांना सगळी कॉलनी ओळखून होती. कोपऱ्यावर त्यांची दोन चिंचेची झाडं होती, आणि पोरांनी चिंचा पाडू नयेत म्हणून ते उतारवयातला उरलासुरला सगळा वेळ झाडाखाली काठी घेऊन बसण्यात घालवत. वाचनाशी त्यांचा संबंध आला तो विजेचं बिल हातात आल्यावर ते उलटं-सुलटं करून शिवी देण्यापुरता. अशा माणसाचं नाव बाल वाचनालयाला! पण नावच तर आहे, म्हणून आकारामांनी स्वतःची समजूत घातली.

आठवड्यानं छोटा हत्ती आला. कपाटं उतरली. पुस्तकं उतरली. पाचशे होती आणि सगळी कोरी, रंगीत, वास येणारी. खोटं कशाला बोला, आकारामांनासुद्धा क्षणभर पृथ्वीराजबद्दल बरं वाटलं. मग सहा माणसांनी मिळून तरटात गुंडाळलेलं आणखी काहीतरी उतरवलं. तरट काढलं तर आत गणपतराव.

कमरेपर्यंतचे, पण खऱ्या गणपतरावांच्या दीडपट. फेटा, मिशा, अंगाला तांब्याचा रंग आणि हातात उघडं पुस्तक. मूर्तिकार हुशार असावा, पण त्याला कुणीतरी सांगितलं असणार की आण्णांचा चेहरा करारी होता. त्यामुळं गणपतराव पुस्तकाकडं बघतच नव्हते. पुस्तकाच्या वरून, डोळे वटारून, दारातून आत येणाऱ्याकडं बघत होते. शिवाय खाली साडेतीन फुटांचा चौथरा. दहा बाय बाराच्या खोलीत मधोमध गणपतराव बसले, त्यांच्या पाठीमागं कपाटं गेली, आणि पोरांना बसायला उरली ती उंबऱ्याजवळची पट्टी.

"आरं, ह्ये न्हवतं ठरलं," आकाराम म्हणाले.

"आबा, नुसत्या नावानं माणूस ध्येनात ऱ्हात न्हाई," पृथ्वीराज म्हणाला आणि वडिलांच्या मिशीवरची धूळ त्यानं हातरुमालानं पुसली.

उद्घाटन दोनदा पुढं गेलं, कारण प्रमुख पाहुण्यांना दोनदा दुसरीकडं जास्त महत्त्वाचं उद्घाटन निघालं. तोवर कपाटांना कुलूप. तिसऱ्या तारखेला पाहुणे अडीच तास उशिरा आले. पोरं उन्हात बसवली होती. दारावर हा एवढा फलक, त्यात पृथ्वीराजचा फोटो दारापेक्षा मोठा, आणि अगदी खाली, जिथं शेळी तोंड घालील अशा ठिकाणी, 'सेक्रेटरी : मा. आराम मगदूम'.

"'का' गेला की छापताना," आकाराम रागानं म्हणाले.

"बराबर छापलंय की," बयाबाई म्हणाली. "झोपंसाठीच काढलंय न्हवं?"

भाषणं झाली. पाहुण्यांनी वाचाल तर वाचाल असं चार वेळा सांगितलं आणि जाताना हार सोबत नेला. मग फोटो. प्रत्येक पोराच्या हातात एक-एक नवं पुस्तक दिलं आणि सगळ्यांना पुतळ्यासमोर उभं केलं. फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. सगळ्यांनी बघितलं, एक सोडून. शिफाच्या हातात निळ्या पुठ्ठ्याचं, जहाजाचं पुस्तक आलं होतं आणि ती वाचायला लागली होती.

"ए पोरी, वर बग!" पृथ्वीराज ओरडला.

तिनं वर बघितलं, फोटोवाल्यानं बटण दाबेपर्यंत पुन्हा खाली. नऊ फोटो काढले. नऊही फोटोंत एक पोरगी वाचते आहे आणि बाकी सगळे वाचनालयाचं उद्घाटन करताहेत. फोटो झाल्याबरोबर पृथ्वीराजच्या माणसांनी पोरांच्या हातांतली पुस्तकं गोळा केली, मोजून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. लोकल केबलवाले शूटिंगला यायचे होते, तोवर पुस्तकं कोरी दिसली पाहिजेत, असा हुकूम होता.

"आबा, जहाज बुडालं का न्हाई तेवढं तरी बगू द्या की," शिफा म्हणाली. "मी निम्म्यावर हाय."

आकारामांकडं कपाटाची किल्ली नव्हती. मा. आराम मगदूमांनी रिकामे खिसे चाचपले.

केबलवाले यायला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत कॉलनीला दानाची खरी हुक्की आली. गणपतराव बसू शकतात तर आमच्या माणसांनी काय पाप केलं? ज्यांनी आधी कोरी डायरी दिली होती त्यांनी आता वडिलांचा हार घातलेला फोटो दिला. तेजस्वी मॅडमनी सासूबाईंचा दिला; हयातीत दोघींत बोलणं नव्हतं. आठ दिवसांत सात फोटो भिंतीवर चढले, सातांखाली सात उदबत्त्या. नाही म्हणावं तर भावना दुखावतात. एवढंच की पुस्तक कुणी दिलं नाही. उदबत्तीच्या धुरात सात स्वर्गवासी आणि मधोमध डोळे वटारलेले गणपतराव, अशा त्या खोलीत पोरं यायचीच बंद झाली. पहिलीतला राजवीर तर उंबऱ्यावरूनच रडत माघारी पळाला. "त्यो म्हातारा बगतोय," एवढंच तो सांगे. आणि ते खरंच होतं.

केबलवाले आले, गेले. पृथ्वीराजनं एकदाच्या कपाटाच्या किल्ल्या आकारामांच्या हातात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्ड ऑफिसचा क्लार्क आला, सोबत एक शिपाई, एक सुतळी आणि लाख. कुणीतरी तक्रार केली होती : सार्वजनिक जागेत विनापरवाना पुतळा. तक्रारदार विरोधी गटाचा असणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि विरोधी गटात कोण कोण आहे हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

"मग उचला की म्हाताऱ्याला," आकाराम म्हणाले. "मी हात लावतो."

क्लार्क दचकला. "आबा, काय बोलतासा? पुतळा बसवायला परवानगी न्हवती, म्हणून बसवणं बेकायदा. आता बसलाय, तर हलवायला समितीची परवानगी पायजे. भावनेचा प्रश्न असतोय. बिगरपरवाना हलवला तर ते जादा बेकायदा."

"समितीची बैठक कवा?"

"समिती हाय. बैठक न्हाई."

तोवर परिस्थिती जैसे थे. म्हणजे पुतळ्यावर पांढरी चादर, दाराला सील. पुस्तकं आत. आता खिडकीच्या गजांतून आत पाहिलं की अर्धवट उजेडात पांढरी चादर पांघरून बसलेलं काहीतरी दिसे. कॉलनीतल्या पोरांची भुताविषयी जी काही शंका होती ती फिटली. शिफा तेवढी रोज खिडकीशी येऊन उभी राही. गजांना नाक लावून ती कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायची. तेवढंच वाचता येत होतं. नावं पाठ झाल्यावर ती उलट्या क्रमानं वाचू लागली.

आकारामांनी अर्ज केले. एक नव्हे, सहा. मुलांची पुस्तकं बाहेर काढू द्यावीत. दर अर्जाला वॉर्ड ऑफिसच्या खिडकीसमोर उभं राहावं लागे. आतला माणूस डोकं वर न करता बोलायचा. साहेब कवा येणार? "येतील तवा." अर्ज कुठं गेला? "म्होरं." म्होरं म्हणजे? आतल्या माणसानं नुसतं पेन उचलून वर दाखवलं. आकारामांच्या डोक्यावर पाटी होती : 'विनाकारण चौकशी करू नये'. खिडकीबाहेरची फरशी उन्हानं किती तापते हे आकारामांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. मागं रांगेत उभ्या असलेल्या एकानं तर त्यांना ढोसलंसुद्धा, "पावणं, पाटी वाचा की. शिकलासा न्हाई काय?"

त्या दिवशी आकाराम घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. झोप आली नाही. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, पण दोष त्यांचा नव्हता.

बयाबाई शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "पोरांसाठी खोली उघडा म्हणून अर्ज किती केलासा?"

"सहा."

"मग एक म्हाताऱ्यासाठी करून बगा की."

"कुठल्या म्हाताऱ्यासाठी?"

"आत चादर घिऊन बसलाय त्येच्यासाठी. वर्षाचा दिस आला असंल की त्येचा. मे सरताना गेला हुता, मी सोताच गेलते न्हवं मातीला."

आकाराम उठून बसले. बायकोकडं त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की तिनं पदर नीट केला.

सातवा अर्ज असा होता : येत्या रविवारी कै. गणपतराव यांची पुण्यतिथी असून पुष्पहार अर्पण करू न दिल्यास परिसरातील जनतेच्या भावना तीव्र होतील. खाली पृथ्वीराजची सही. तो तर तयारच होता. अर्ज सकाळी अकराला दिला आणि दुपारी साडेतीनला परवानगी हातात. शिपाई स्वतः घरी घेऊन आला. रविवारी दहा ते अकरा, सील काढून, केवळ पुष्प अर्पण करण्यासाठी. पाचशे पुस्तकांना न हललेली कचेरी एका हाराला अशी धावली, की आकारामांना आनंद व्हावा की थुंकावं ते समजेना.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी कॉलनीतली सगळी पोरं घराच्या गच्चीवर बोलावली. काय सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. राजवीरनं विचारलं, "म्हातारा बगंल की?"

"त्येच्यावर चादर हाय," शिफा म्हणाली. "आन माळ घालायच्या टायमाला मी आत हाय की."

रविवारी दहाला क्लार्कनं सील काढलं. पृथ्वीराज पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हजर. वळून बघतो तो मोकळ्या जागेत चौऱ्याहत्तर पोरांची रांग. प्रत्येकाच्या एका हातात झेंडूचं फूल आणि पाठीला दप्तर.

"दप्तरं कशाला, आबा?"

"आण्णांचा आशीर्वाद दप्तराला लागू दे की," आकाराम न हसता म्हणाले. मंडळाचा माईक त्यांनी आणून ठेवला होता. तो हातात घेतल्याबरोबर त्यांचा जुना सरकारी आवाज लागला. "डावीकडची रांग आत जाईल. उजवीकडून बाहेर येईल. कृपया दारात गर्दी करू नये."

पृथ्वीराजनं चादर काढली, हार घातला आणि दाराशी हात जोडून उभा राहिला. पोरं एकेक आत जाऊ लागली. चौथऱ्यावर फूल, पुतळ्याला प्रदक्षिणा, बाहेर. प्रदक्षिणेत पुतळ्याच्या पाठीमागं दोन काचेची कपाटं, उघडी, आणि त्यांच्याशी झाडलोटीच्या निमित्तानं आधीच आत शिरलेल्या बयाबाई आणि शिफा. एका पोराच्या दप्तरात सात पुस्तकं जात. साडेतीन फूट चौथरा आणि वर दीडपट गणपतराव, त्यामुळं दारातून पाठीमागचं काहीही दिसत नव्हतं. बाल वाचनालयाला गणपतरावांचा झालेला हा पहिला उपयोग.

चौऱ्याहत्तर पोरांची ती शिस्तीतली रांग बघून पृथ्वीराजला भरून आलं. "आबा," तो रडत म्हणाला, "आण्णांवर पोरांचा एवढा जीव हुता, मला म्हाईतच न्हवतं वो." आकारामांनी माईक तोंडापासून लांब धरला. आणि खरं म्हणजे त्या रडण्यात काहीच खोटं नव्हतं, हीच अडचण होती.

राजवीर बाहेर येताना उंबऱ्याला अडखळला. दप्तराची चेन उघडली आणि चार पुस्तकं क्लार्कच्या बुटांवर पडली.

माईक गप्प झाला. रांग जागच्या जागी थांबली. पृथ्वीराज नेमका डोळे पुसायला वळला होता. शिफा पुतळ्याआडून डोकावली. क्लार्कनं वाकून एक पुस्तक उचललं. उघडलं. एक पान वाचलं, मग उलटून दुसरं. उरलेली तीन त्यानं राजवीरच्या दप्तरात कोंबली आणि चेन स्वतःच्या हातानं ओढली.

आकाराम जवळ गेले. "साहेब..."

"माझ्या आदेशात फुलांचा उल्लेख हाय," क्लार्क हळू आवाजात म्हणाला. "पुस्तकांचा न्हाई. ज्येचा उल्लेख न्हाई ते मला दिसत न्हाई." मग हातातलं पुस्तक त्यानं फायलीत सरकवलं. "ह्ये बी दिसत न्हाई. घरात पोरगी हाय माज्या."

अकराला पाच मिनिटं कमी असताना शेवटचं पोर बाहेर आलं. मागोमाग बयाबाई पदर सावरत आली आणि तिच्यामागून निळं पुस्तक छातीशी धरून शिफा. तिनं ते दप्तरात घालायचे कष्टही घेतले नव्हते. चालता चालता वाचत ती तशीच रस्ता ओलांडून गेली आणि नईमनं दुकानातून धावत येऊन तिला स्कूटरसमोरून ओढली. जहाज बुडत नाही, असं तिनं संध्याकाळी आकारामांना सांगितलं. पण कप्तान वाईट निघतो.

दाराला पुन्हा लाख लागली. पृथ्वीराजनं पोरांसमोर भाषण केलं, आण्णांचे विचार ही पिढी पुढं नेईल असं सांगितलं, आणि खिडकीतून आत कपाटांकडं काही बघितलं नाही. त्याला तिकडं बघायचं कारणच काय होतं? पुस्तकं आता कॉलनीतल्या चाळीसेक घरांत पडलेली आहेत. ज्याला जे हवं ते तो ज्याच्याकडं असेल त्याच्याकडून नेतो. काही फाटली, काहींवर आमटी सांडली, एक कुणीतरी वारणानगरला मामाकडं नेलं ते तिथंच राहिलं. खोली अजून सीलबंद आहे. दारावर 'बाल वाचनालय' असा फलक आहे, समितीची बैठक अजून व्हायची आहे, आणि येणारे-जाणारे बाहेरच्या बाहेर नमस्कार करून जातात.

चौथ्या दिवशी दुपारी आकाराम बाजारातून आले तर गॅसवर काही नाही. बयाबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. डोळ्यांवर आकारामांचा चष्मा, मांडीवर पुस्तक. पदराखालून तिनं बाहेर काढलेलं हे एक. कोडोलीच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती, आणि त्यानंतर लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड सोडून तिला काही वाचताना आकारामांनी पाहिलं नव्हतं.

"चहा?" आकारामांनी विचारलं.

तिनं मान वर न करता एक बोट उभं केलं. "थांबा. अस्वल हिरीत पडलंय."

आकाराम थांबले. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच गॅस पेटवला. साखर दोनदा पडली. दोन कप घेऊन ते तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि वाट बघू लागले. पान उलटलं. अजून एक उलटलं.

"निघालं का वर?"

"आता मधनंच काय सांगू तुमास्नी?" बयाबाईनं चष्मा नाकावर घेऊन त्यांच्याकडं पाहिलं. "आदी पयल्यापासनं वाचायला पायजे. पाचशे पुस्तकं आनलासा, एक तरी उगडून बगितलासा काय?"

आकाराम कपाकडं बघत राहिले. नव्हतं बघितलं. तेवीसांतलंही नव्हतं.

बयाबाईनं सुस्कारा सोडला, पुस्तक पहिल्या पानावर परत आणलं आणि अक्षराखाली बोट ठेवलं. "बसा हितं. आन मदी बोलायचं न्हाई."

ती वाचू लागली, एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं. चहा निवत होता. विहीर अजून बारा पानं लांब होती.